सातव्या होलमागचं घर

चहाची धार अर्ध्या कपावर थांबवून मालकीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचं स्वतःचं वाक्यही अर्ध्यातच राहिलं. गोल्फ क्लबच्या सेक्रेटरींनी तर तोंडातलं बिस्कीट चावायचं थांबवलं. मागच्या मोठ्या खिडकीबाहेर, कुंपणाच्या लगेच पलीकडे, पांढऱ्या टोपीतला एक माणूस काठीवर वाकून उभा होता. बाकीचे तिघे त्याच्याभोवती अशा चेहऱ्याने उभे होते की जणू कुणाची तरी घटका भरत आली आहे. माणसाने काठी हलवली. चेंडू हिरवळीवरून घरंगळत गेला आणि खड्ड्याच्या कडेशी जाऊन बसला. चौघांनी माना हलवल्या, चेंडू उचलले, एकाने बाजूला ठेवलेला झेंडा पुन्हा खड्ड्यात रोवला, आणि मंडळी पुढे निघाली.

"...आणि पाण्याचं म्हणाल तर दिवसभर असतं," मालकीणबाई म्हणाल्या. सोडलेलं वाक्य त्यांनी सोडलं होतं तिथूनच उचललं. चहाची धारही.

घर बघायला आलेल्या बाई आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एक वर्ग गप्प करायला त्यांना रोज डस्टर आपटावं लागे. इथे एका वाकलेल्या माणसाने नुसत्या पाठीने तीन प्रौढ माणसं गप्प केली होती.

"हे असं नेहमीच?" त्यांनी विचारलं.

"चौकडी ग्रीनवर, म्हणजे या खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर आली की," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना सवयीनेच हळू बोलायची खोड लागली होती. साधी वेळ सांगायची तरी गुपित सांगितल्यासारखी सांगत. "झेंडा काढला की आवाज बंद. झेंडा लावला की चालू. सोपं आहे वहिनी. माणसाला सवय होते."

"आमच्या ह्यांना कुठे झाली?" मालकीणबाई म्हणाल्या. "शिंक यायची हो त्यांना. दणदणीत. दोनदा नोटीस आली. मग नाक हुळहुळलं की ते संडासात पळायचे. शेवटी शेवटी नुसते पळायचेच, शिंक यायचीच नाही."

"नोटीस नव्हे. विनंती होती ती."

"विनंतीवर शिक्का मारतात होय?"

सेक्रेटरींनी राहिलेलं बिस्कीट तोंडात टाकून प्रश्न मिटवला.

इथली घरं जाहिरातीत येत नसत. गोल्फचं मैदान जुनं, त्याच्या कडेची घरं जुनी, आणि झाडं तर दोन्हींहून जुनी. कुणी गेलं किंवा कुणाला जिने चढवेनासे झाले, की सेक्रेटरी चार ओळखीच्या कानांत कुजबुजत आणि घर विकलं जाई. हे एक मात्र बरेच महिने गिऱ्हाइकाची वाट बघत पडलं होतं. बाकीची घरं मैदानाला समांतर, आणि हे एकटंच सातव्या होलच्या ग्रीनला खेटून. म्हणून तर ते या कुटुंबाच्या आवाक्यात होतं. दारावरची घंटा काढून तिथे दिवा बसवला होता. कुणी बटण दाबलं की आत तो लुकलुके. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे होते. ही व्यवस्था आजारी माणसासाठी केली असावी असं बाईंना आधी वाटलं होतं. आता आजारी कोण ते कळलं.

"मुलगी गाडीत आहे ना?" मालकीणबाईंनी विचारलं. "तिला कशाला बाहेर ठेवलंत? आणा की आत."

"ती जरा... ओरडते," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. कपाचाही आवाज झाला नाही.

"हो, तुमचे साहेब बोलले होते फोनवर," ते म्हणाले. "म्हणूनच तर मी स्वतः आलो. आणा. बघू या."

फाटकाबाहेर झाडाखाली गाडी उभी होती. पुढे बाईंचे यजमान. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे तपासनीस म्हणून त्यांनी जन्म काढला होता. जळालेल्या दुकानात जायचं, हळहळायचं, आणि मग दुकान आधीपासूनच थोडंसं जळत होतं का ते विचारायचं. मागच्या सीटवर चिमणी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून नाव चिमणी पडलं. नाव ठेवताना माणसाला पुढचं दिसत नाही. आता तिचे केस पिकायला लागले होते आणि उंचीने ती वडिलांच्या वर होती. तिला शब्द नव्हते, एक आवाज होता. हाक आणि शिट्टी यांच्या मधला, ऐकणाऱ्याच्या दाढेपर्यंत पोचणारा. काचेवर पान पडलं की तो येई. पान उडून गेलं तरी येई. आनंदाचा आणि दुःखाचा वेगळा असतो असं बाई लोकांना सांगत, पण त्यांनाही तो फरक नेहमी ऐकू येत असे असं नाही.

"कसं आहे?" तपासनीसांनी विचारलं.

"घर चांगलं आहे. पण अहो, इथे गप्प बसावं लागतं." बाईंनी झेंड्याचं सगळं सांगितलं.

ते समोरची काच रुमालाने पुसत होते. धूळ बाहेरून होती आणि ते आतून पुसत होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "फोनवरच सांगितलं होतं त्यांनी."

"मग आलो कशाला आपण?"

"बघायला काय जातं?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मागून चिमणीने आवाज काढला आणि समोरच्या झाडावरचे पक्षी उठले.

आतापर्यंत चार घरं झाली होती. पहिल्या घरी वरच्यांनी काठीने जमीन ठोकली. दुसऱ्या घरी खालच्यांनी छत ठोकलं. तिसऱ्या घरी सगळे फार चांगले होते, सह्या गोळा करताना त्यांनी उत्तम जाड कागद वापरला. आताच्या घरमालकाने तर हात जोडले, म्हणाला, साहेब, मला तुमचं दुःख कळतं, पण मला झोपही लागते. शहराबाहेर एक संस्था होती. अशा मुलामुलींना कायमची ठेवून घेणारी. तिथे एक खाट रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली हे दोघांनीही विचारलं नव्हतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

दोघेही संस्था बघून आले होते. लोखंडी खाटांची रांग, खिडकीला वरपर्यंत जाळी, आणि एक बाई जी प्रत्येकाला 'राजा' म्हणत होती, कारण तिला कुणाचंच नाव पाठ नव्हतं. परतताना गाडीत तपासनीस म्हणाले होते, "कुठेच घर मिळालं नाही, तरच." बाईही म्हणाल्या होत्या, "तरच." त्यानंतर दोघांनी त्या शब्दाला हात लावला नव्हता. पण तपासनीसांची कंबर आता वाकत नव्हती, आणि बाईंचं उजवं मनगट चिमणीला न्हाणीघरात सावरताना एकदा मोडून वाकडं जुळलं होतं. आपल्यानंतर हिचं कसं, हा प्रश्न त्यांनी पुष्कळ वर्षं विचारला होता. हल्ली आपल्या आधी आपलं कसं, हा प्रश्न पडे, आणि तो विचारायला घरात तिसरं माणूस नव्हतं.

"मग आणा तिला," बाई म्हणाल्या. "एकदा दाखवून टाकू."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की आपण हे जरा भरभर बोललो.

चिमणी आत आली ती दारावरचा दिवा बघत. तो लुकलुकला तशी ती ओरडली. मालकीणबाईंच्या हातातला चमचा पडला. सेक्रेटरींनी खिडकीकडे पाहिलं. ग्रीन रिकामं होतं; त्यांनी श्वास सोडला.

"बस बाळ," मालकीणबाई म्हणाल्या. बाळ त्यांच्याहून हातभर उंच होती.

"तर असा... कितपत असतो आवाज?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पुष्कळ," तपासनीस म्हणाले. "आत्ता झाला तो लहान. लिफ्टमध्ये लोक भिंतीला चिकटतात. मागच्या घरी पोलीस आले होते."

"पोलीस?"

"दोनदा. एकदा शेजारच्यांना वाटलं, आम्ही हिला मारतो. एकदा वाटलं, ही आम्हाला मारते."

"पहाटेही ओरडते," बाई म्हणाल्या.

"आणि कधी ओरडेल ते सांगता येत नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. काही उपाय नाही," तपासनीस म्हणाले. "आम्ही लपवून काही ठेवणार नाही. उद्या तुम्ही म्हणाल फसवलं."

"समोर दार आपटलं की तर विचारूच नका," बाईंनी पुस्ती जोडली.

घर घ्यायला आलेली माणसं एरवी असं बोलत नाहीत. मुलगा जुगारी असला तर स्वभावाने मोकळा आहे म्हणतात, कुत्रा चावत असला तर राखण करतो म्हणतात. ही दोघं मात्र एकमेकांच्या हातातून घेऊन घेऊन लेकीचे दोष मांडत होती. मालकीणबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. चिमणी लोकरीचे मोजे घातलेल्या खुर्चीचा पाय कुरवाळत होती.

"खरं बोललात, बरं वाटलं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या स्वरात नकाराची तयारी होती. असा माणूस आधी कौतुक करतो. "आता असं करू. एक चौकडी येतेच आहे. मागच्या बागेत उभे राहू. तिलाही घ्या. म्हणजे तुम्हालाच कळेल, मी सांगायची वेळ येणार नाही."

"हेच बरं," तपासनीस म्हणाले.

मागची बाग कुंपणाला संपत होती आणि कुंपणापलीकडे लगेच ग्रीन सुरू होत होतं; इतकं गुळगुळीत, की त्यावर पाय ठेवायचा तर आधी माफी मागावीशी वाटावी. पाचही जण ओळीने उभे राहिले. बाई चिमणीच्या उजव्या हाताला राहिल्या. ही त्यांची ठरलेली जागा. दवाखान्यात, स्मशानात, शाळेच्या निरोप समारंभात, सगळीकडे त्या अशाच उभ्या राहत. आवाज निघायच्या बेतात आला की तळवा तिच्या तोंडावर. तपासनीस डाव्या हाताला राहत आणि तिची बाही धरत. आज त्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

चौकडी आली. एक जाडगेला म्हातारा चेंडूमागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्याने झेंडा उपसला आणि गवतावर आडवा ठेवला.

बाईंनी तळवा उचलला.

चिमणीचं तोंड उघडं होतं. छाती भरून आली होती. हे बाईंना कपड्यावरून कळे, तसं आत्ताही कळलं. आता. तळवा तसाच हवेत ठेवून त्यांनी डोळे मिटले. मैदानावर वारा होता, कुठेतरी पाण्याचा फवारा फिरत होता, सेक्रेटरींच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग खूप हळू, कपात खडीसाखरेचा खडा पडावा तसा, 'टक' असा आवाज झाला.

बाईंनी डोळे उघडले. चेंडू खड्ड्यात गेला होता. एका तरुण खेळाडूने झेंडा उचलून खड्ड्यात रोवला, आणि तो रोवला जाताक्षणी चिमणी ओरडली. सगळं मैदान वळलं. जाडगेल्या म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला, कुंपणाकडे बघितलं, आणि टोपी काढून वाकून नमस्कार केला.

"अहो, इतकी वर्षं खेळतोय," तो मोठ्याने म्हणाला, "माझ्यासाठी ओरडलेलं पहिलंच माणूस हे!"

सेक्रेटरी हसले. बहुधा बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण आवाज कुठवर न्यावा याचा त्यांना अंदाज आला नाही. मालकीणबाई डोळ्याला पदर लावत होत्या आणि तो ओला नाही असंही दाखवत होत्या.

"योगायोग असेल," तपासनीस म्हणाले.

"अं?"

"एकदा झालं म्हणजे दर वेळी होईल असं नाही. आमच्या धंद्यात एका पुराव्यावर दावा मंजूर करत नसत. अजून एक बघू."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या.

मधल्या वेळात चिमणी फुलपाखरासाठी ओरडली, बागेतल्या नळासाठी ओरडली आणि कशासाठीच नाही म्हणूनही ओरडली. मग दुसरी चौकडी आली. झेंडा निघाला. चिमणी गप्प झाली. या वेळी बाईंनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी बघितलं की ती चेंडूकडे बघतच नाही. ती बघते फक्त त्या रिकाम्या खड्ड्याकडे, झेंडा जिथे होता तिथे, आणि तो परत यायची वाट बघते. पहिल्याचा चेंडू चुकला, दुसऱ्याचा चुकला, तिसऱ्याने तर चेंडूसमोर उकिडवं बसून आयुष्याचा हिशेब मांडला. चिमणी उभी. हात अंगालगत, हनुवटी जराशी वर. प्रार्थनेच्या ओळीत उभी असलेली शाळेतली मुलगी. शाळेत ती कधी गेली नव्हती.

किती डॉक्टर झाले होते. आवाजाचे, मेंदूचे, मनाचे. कानात घालायचे बोळे, हातात द्यायचे खडे, रंगीत कार्डं, एका बाईंनी तर घरात मासे पाळायला सांगितले होते. मासे गप्प राहिले, चिमणी नाही. एक काठी आणि तिच्या टोकाला फडकं, एवढंच लागत होतं. कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी स्वतः वर्गात नकाशावर झेंडे टोचून टोचून देश शिकवले होते.

झेंडा परत लागला. चिमणी ओरडली. दुसऱ्या चौकडीनेही टोप्या काढल्या. पहिल्यांनी मागे निरोप पोचवला असावा.

"साहेब," सेक्रेटरी म्हणाले, आणि पहिल्यांदाच माणसासारख्या आवाजात म्हणाले, "आमच्या अर्ध्या सभासदांना हे कळत नाही. फोन वाजतात लेकाचे. तुमची मुलगी आम्हाला चालेल. चालेल काय, हवीच. मी आजच समितीला सांगतो. तुमच्याकडून हो समजू ना?"

बाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की तो चेहरा आता त्या बघत नसत, हवामानासारखा गृहीत धरत. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा त्यांना तिथे दिसायला हवा होता. तपासनीसांचा रंग उडाला होता. रुमाल काढून ते मान पुसत होते.

"आतून एकदा नीट बघतो," ते म्हणाले. "अगं, ये जरा."

"बघा की, तुमचंच घर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी चिमणीचा हात धरला होता. बाई काही सांगायच्या आत चिमणीने तो धरू दिला. "आम्ही दोघी बसतो इथे. बाळ, तो बघ झेंडा."

स्वयंपाकघरात दोघेच होते. तपासनीसांनी वाटेत टेबलावरून उचललेला चहाचा रिकामा कप ओट्यावर ठेवला. मग भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. पुढे सरकून पुन्हा टकटक केलं. तळवा भिंतीला लावून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, ताप बघतात तसे.

"ओल आहे," ते म्हणाले.

बाईंनी भिंतीला हात लावला. भिंत भर उन्हात तापलेली, खडखडीत कोरडी होती.

"वरून कळत नाही," ते म्हणाले. "आतून असते."

बाईंनी तळवा पदराला पुसला.

"काचा फुटतात. चेंडू लागून. आज ना उद्या कुणाला लागेल. तिला लागेल."

"जाळी आहे खिडकीला."

"जाळी आहे," ते म्हणाले. "हो. जाळी आहे."

बाहेर मालकीणबाई काहीतरी सांगत होत्या आणि चिमणी मधून मधून उत्तर दिल्यासारखी ओरडत होती. तपासनीस ओट्याला टेकून उभे होते. त्यांची कंबर दुखत असावी. एका हाताने त्यांनी ती दाबून धरली होती. आयुष्यभर त्यांच्यासमोर माणसं बसली होती. जळालेली, बुडालेली, फाइल छातीशी धरून. साहेब, काहीतरी करा, म्हणणारी. ते कधी विरघळले नव्हते. आता बायकोकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत तेच होतं, त्या माणसांचं, आणि हातात दाखवायला एक कागदही नव्हता.

बाईंनी नजर काढून घेतली. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं. ओटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होता. मधे सहा खुर्च्यांचं टेबल होतं आणि त्याभोवती मुलांनी पकडापकडी खेळावी एवढी जागा उरत होती. दोन खिडक्या. दोन्हींतून ऊन आत येत होतं आणि फरशीवर मावत नव्हतं म्हणून भिंतीवर चढलं होतं.

"स्वयंपाकघर लहान आहे," बाई म्हणाल्या.

तपासनीसांनी डोळे मिटून मान हलवली.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "फार लहान आहे."

बाईंनी त्यांच्यासमोरचा कप उचलला, नळ सोडला आणि तो विसळायला घेतला. बाहेरून विसळला, आतून विसळला, कान विसळला. तपासनीस शेजारी उभे राहून वाट बघत होते. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.